धुऱ्यावरचा मोह

वारलू नाल्यातल्या झिऱ्यावर पाणी भरायला वाकला आणि तसाच थांबला. ओल्या रेतीत वाघाची ताजी पावलं होती, दोन शेतांमधल्या धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडाकडं गेलेली. त्या मोहाखाली रोज पहाट फुटली की त्याचा धाकटा भाऊ डोमा फुलं वेचायला बसायचा.

वाटणीत शेतं वेगळी झाली, पण धुऱ्यावरचं झाड कुणाचं हे ठरलं नाही. तेव्हापासून दोघांचा अबोला. जो आधी बोलेल त्याचं झाड गेलं, असं गावानंच चेष्टेत ठरवून टाकलं आणि या दोघांनी ते मनावर घेतलं. देशातल्या पहिल्या मतदानाला ते एकाच रांगेत पुढे-मागे उभे होते, तरी ब्र काढला नाही. गावाला त्याचं केवढं कौतुक! आपल्या माणसांना हट्ट आणि बाणा यातला फरक कधी कळत नाही.

अगदीच नड पडली, तर वारलू बैलाशी बोलायचा आणि डोमा बायकोशी. दोन्ही घरांमधल्या कुडाच्या भिंतीतून एकमेकांना सगळं ऐकू जायचं.

आजही वारलू धावत घरी आला तो गोठ्यात शिरला. "ऐक रे ढवळ्या, झिऱ्यावर वाघाची पावलं हायेत. मोहाखाली कोणी जाऊ नोको."

कुडापलीकडे डोमा टोपली उचलत होता. तो हसला. "रंभे, सांग त्या बैलाले. वाघाचा भेव दाखवून झाड भेटत नसते." आणि निघालाच.

वारलूची बायको भागीरथा चुलीपुढून उठून आली. "बैलाले काऊन सांगता? नाव घेऊन सांगा ना त्याले."

"पयले मी बोललो त झाड गेलं समज."

"अन् भाऊ गेला त?"

 वारलूला भीती वाटत होती आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती. शेवटी त्यानं कुऱ्हाड घेतली आणि डोमाच्या मागं गेला, पण अंतर राखून. लोकांनी पाहिलं तर काय म्हणतील, हा विचार तेवढ्यातही सुटला नव्हता.

उजाडलं होतं. मोहाखाली जाळून साफ केलेल्या जागेवर पिवळ्या फुलांचा सडा पडला होता आणि डोमा वाकून वेचत होता. रानात पाखरू बोलत नव्हतं. डोमाच्या मागचं गवत हललं, वारा नसताना.

"डोमा!" वारलू जिवाच्या आकांतानं ओरडला. "पळ!"

डोमाला ते नीट ऐकू गेलं. त्याचा हात थांबला, चेहरा खुलला. आधी थोरलाच बोलला होता. पण साक्षीला कोणीच नव्हतं. थोरल्यानं पुन्हा हाक मारावी म्हणून त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि आणखी कोणी ऐकलं का, हे बघायला मान वळवून गावाच्या वाटेकडं पाहिलं.

वारलूनं दुसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा मोहाखाली ती ऐकायला कोणी नव्हतं.