बाहेरून आणलेले भोपळे

मर्ल आणि व्हर्ना स्टट्झमन या नवराबायकोचं शेत आमच्या गावापासून सात मैलांवर, ओढ्याच्या काठाला आहे. दर ऑक्टोबरात शाळेतल्या पहिलीच्या मुलांना तिथे भोपळे आणायला नेतात. प्रत्येकानं शेतात हिंडून एक भोपळा निवडायचा, आपल्या हातांनी उचलून बसपर्यंत आणायचा आणि हॅलोविनच्या सणाआधी घरी त्यावर चेहरा कोरायचा, असा रिवाज. मुलांना नेणारी पिवळी बस गेली अकरा वर्षं मी चालवतोय.

यंदा बस अंगणात लावली तेव्हा मर्ल माझी वाट बघत उभा होता. एकोणीस मुलं आणि त्यांच्या बाई, मिस ऑर्टन, व्हर्नाच्या मागोमाग कोठारात गेली. मर्लनं मला कोपरानं ढोसलं.

"लायल, एक सांगतो. तोंड बंद ठेवशील?"

"आजवर कधी ठेवलंय?"

"तेही खरंच. पण ऐक."

जुलैत ओढ्याला पूर आला होता आणि मर्लचं खालचं शेत तीन दिवस पाण्यात होतं, हे गावाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते हे, की भोपळ्याची एकही वेल त्यातून वाचली नव्हती. शाळेला तसं कळवायचं म्हणून व्हर्नानं चारदा फोन उचलला आणि चारदा खाली ठेवला. सव्वीस वर्षांत एक ऑक्टोबर चुकला नव्हता. शेवटी दोघं भाजीच्या लिलावाला गेली, ट्रकभर भोपळे घेऊन आली आणि आज उजाडता उजाडता त्यांनी ते शेतात मांडून ठेवले.

"मांडले म्हणजे कसे?" मी विचारलं.

"म्हणजे इथे एक, तिथे दोन. व्हर्ना लांब जाऊन उभी राहायची आणि तिथून सांगायची, हा जरा डावीकडे घे. तीन एका रेषेत ठेवले म्हणून मला बोलणी बसली. देवानं कधी असे ठेवलेत का, म्हणाली."

"आणि कुणी विचारलं तर?"

"सहा वर्षांची पोरं रे. ती काय विचारणार?"

मर्लला मूलबाळ नाही. मला चार आहेत.

आम्ही कोठारात गेलो तेव्हा व्हर्नाचं दरवर्षीचं भाषण चाललं होतं. मुलं गवताच्या गठ्ठ्यांवर बसून सफरचंदाचा गरम रस पीत होती. व्हर्नाला खोटं बोलता येत नाही. बोलायला गेली की तिची मान लालभडक होते, आणि हे तिलाही ठाऊक असावं, कारण बाहेर लख्ख ऊन पडलेलं असताना बाईनं गळ्याभोवती मफलर गुंडाळला होता.

"वेल म्हणजे भोपळ्याची आई," ती सांगत होती. "ती जमिनीतून पाणी ओढते आणि या देठातून बाळाला पाजते. म्हणून देठ धरून भोपळा उचलायचा नाही. तुम्हाला कुणी मानगूट धरून उचललं तर चालेल का?"

पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. तिचं नाव मार्नी. डोळ्यांवर जाड चष्मा, तो पडू नये म्हणून मागून पट्टा बांधलेला.

"म्हणजे नाळ?"

"काय म्हणालीस, बाळा?"

"आमच्याकडे बाळ आलंय. नऊ दिवस झाले. त्याची नाळ अजून पडली नाही, काळी झालीय. आई म्हणते हात लावायचा नाही. देठ म्हणजे ती ना?"

मिस ऑर्टनना एकदम खोकला आला. व्हर्ना म्हणाली, "हो, तीच," आणि मफलर अजून थोडा वर ओढला.

मग सगळे ट्रॅक्टरमागच्या गाडीत बसून शेतात गेले. मुलं उतरली आणि धान्याच्या पोत्याला भोक पडावं तशी चहूकडे सांडली. एकाला सगळ्यात मोठा भोपळा हवा, एकीला वाकडाच हवा, दोघं एकाच भोपळ्यावर बसलेली आणि कुणीच उठायला तयार नाही. सव्वीस वर्षं चाललेलं तसंच चाललं होतं. व्हर्नाच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. मर्लनं माझ्याकडे बघून डोळा मारला.

मार्नी मात्र काही उचलत नव्हती. ती एका भोपळ्यापाशी जायची, गुडघ्यांवर बसायची, भोवतालची माती बघायची, उठायची आणि पुढच्याकडे जायची. असे आठ-दहा झाल्यावर ती सरळ मर्लपुढे येऊन उभी राहिली.

"ह्यांच्या आया कुठायत?"

"कुणाच्या?"

"भोपळ्यांच्या. एकाला पण वेल नाहीये."

"अच्छा, वेली होय," मर्ल म्हणाला. "त्या सुट्टीवर गेल्यात. सगळा उन्हाळा राबल्या ना."

मार्नीनं त्याच्याकडे नीट बघून घेतलं. "वेलींना पाय नसतात."

"म्हणून तर हळूहळू जातात. ऑगस्टातच निघाल्या."

तेवढ्यात हँक नावाचा एक गुबगुबीत मुलगा हाक मारत आला. त्यानं आपला भोपळा उलटा केला होता. "काका, ह्याच्या बुडाला कागद चिकटवलाय. चारशे बारा लिहिलंय."

"तो त्याचा हजेरी नंबर," लिलावातल्या त्या नंबराबद्दल मर्लनं जराही न अडखळता सांगितलं. "शाळेत तुमचा असतो ना, तसा शेतात यांचा."

पुढच्या अर्ध्या मिनिटात एकोणीसच्या एकोणीस मुलांनी भोपळे उलटे करायला घेतले. चारशे तेरा सापडला. चारशे वीस सापडला. चारशे चौदा सापडत नाही म्हटल्यावर तो आज गैरहजर आहे का, अशी चौकशी सुरू झाली. मर्ल म्हणाला, हो, त्याला ताप आहे. मार्नीनं विचारलं, ताप आहे तर मग त्याच्यापाशी कोण आहे, त्याची आई तर सुट्टीवर गेलीय. मर्लनं आणखी काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

"मर्ल, पुरे," व्हर्ना म्हणाली.

तिनं मफलर सोडून गाडीच्या कडेला टाकला. मान हनुवटीपर्यंत लाल झाली होती. एक खोकं पालथं घालून ती त्यावर बसली. मुलं आपोआप तिच्याभोवती गोळा झाली.

"मी तुम्हाला फसवलं," ती म्हणाली. "हे भोपळे आमच्या शेतातले नाहीत. आम्ही ते विकत आणले आणि सकाळी इथे ठेवले. आमच्या वेली जुलैतल्या पुरात गेल्या, सगळ्या. तुम्ही येणार आणि शेत रिकामं दिसणार, हे मला बघवत नव्हतं. पण मी शाळेला खरं सांगायला हवं होतं. मिस ऑर्टन, माफ करा."

मिस ऑर्टन काहीतरी चांगलं बोलायला पुढे झाल्या, पण मुलांनी त्यांना बोलू दिलं नाही.

"पाणी कुठपर्यंत आलं होतं?"

"या खोक्यावर मी उभी राहिले असते तर माझ्या गळ्यापर्यंत."

"मासे होते?"

"होते," मर्ल मध्येच म्हणाला. "आपण उभे आहोत ना, इथून मी होडी वल्हवत गेलो. खाली बघतो तर भोपळ्याच्या फुलांमधून ही मोठी मासळी पोहतेय."

"आता खरं सांगताय का?" मार्नीनं विचारलं.

"आता खरं सांगतोय."

तिनं व्हर्नाकडे बघितलं. व्हर्नानं होकारार्थी मान हलवली.

मग हँकला काळजी पडली. "म्हणजे माझा भोपळा खोटा आहे?"

त्याला उत्तर दिलं ते सायलसनं. सायलस शांत मुलगा. बसमध्ये माझ्या मागच्याच बाकावर बसतो आणि रस्त्यात दिसलेली कुत्री मोजतो.

"खोटा कसा असेल?" तो म्हणाला. "बाहेरून आणलाय फक्त. मलाही बाहेरूनच आणलंय. इथिओपियातून. दोन विमानं बदलली."

"तुला नंबर होता?"

"पासपोर्टवर होता."

हँकचं समाधान झालं. त्यानं चारशे बारा छातीशी धरला आणि कागद काढायला आलेल्या मुलीला हात लावू दिला नाही.

मार्नीचं मात्र अजून संपलं नव्हतं. "पाण्यानं तुमच्या वेली कुठे नेल्या?"

"ओढ्याकडे," मर्ल म्हणाला. "शेताच्या पार टोकाला."

"तुम्ही बघितल्यात?"

मर्ल आणि व्हर्नानं एकमेकांकडे पाहिलं. पुरानंतर दोघंही त्या टोकाला फिरकली नव्हती. वाट वाहून गेली होती, हे एक कारण. दुसरं मर्लनं मला नंतर सांगितलं: व्हर्नाला ते बघायचंच नव्हतं, आणि मर्ल तिला एकटीला सोडून जायला तयार नव्हता.

मिस ऑर्टननी घड्याळाकडे पाहिलं. मी म्हटलं, "बस माझ्याशिवाय सुटत नाही, आणि मला घाई नाही."

गाडी जिथपर्यंत गेली तिथपर्यंत गेलो, पुढे चालत. कुंपणापाशी पुरानं आणलेल्या काटक्या, फळ्या, कुणाची तरी लाल बादली, असा छातीएवढा ढीग साचला होता. त्यावर गाळ बसून त्यातून हिरवं गवत वर आलं होतं. मुलं बादलीसाठी भांडायला लागली. आणि व्हर्ना चालता चालता थांबली.

"मर्ल," ती अगदी हळू म्हणाली, "ते पान बघ."

ढिगाच्या वर, कुंपणाच्या तारांमधून, मोठी खरबरीत पानं डोकावत होती. मुळासकट वाहत आलेली एक वेल तारेला अडकली होती, गाळात तिनं नव्यानं मुळं धरली होती, आणि मग कुणी न विचारता, कुणी पाणी न घालता ती कुंपणावर चढली होती आणि तिथून पलीकडच्या तुतीच्या झाडावर. झाडाला भोपळे लागले होते. दोन, आमच्या डोक्यांच्या वर, फांदीवरून लोंबणारे, नारळाएवढे. आणि तिसरा, खरा मोठा, कुंपणातच वाढला होता. त्याच्या पोटाभोवती तार होती आणि तो तारेच्या दोन्ही बाजूंनी फुगला होता.

"त्यानं पट्टा बांधलाय," हँक म्हणाला.

मर्लनं टोपी काढली आणि पुन्हा घातली. व्हर्ना गाळातून पाय ओढत पुढे गेली, वेलीचा दांडा बोटांनी चाचपत मुळापर्यंत पोचली आणि हसायला लागली. अशी हसली की शेवटी तिला कुंपणाचा खांब धरावा लागला. मुलांना कारण कळलं नाही, पण तीही हसायला लागली.

मर्लनं खिशातून पक्कड काढली. स्वतःच्या कुंपणाला कुणी टेकलेलंही त्याला चालत नाही. आज तो तार कापायला निघाला होता. "हा तुझा, मार्नी. तू शोधलास."

मार्नी वेलीपुढे आडवी उभी राहिली. "अजून तोडू नका. तो अजून आईजवळ आहे."

"मग तू घरी काय नेणार?"

तिनं विचार केला. "मला चारशे तेरा चालेल. तो कुणी घेतला नाहीये."

दुपारी साडेबाराला यायची बस पावणेदोनला शाळेत पोचली. मुख्याध्यापिका पायरीवर उभ्या होत्या. मी सांगितलं, चिखल होता. ते खोटं नव्हतं. बसमध्ये अजून आहे.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी रेडिओवर पहिलं हिम पडणार असल्याची बातमी आली. हिमात वेल एका रात्रीत मरते आणि भोपळाही नासतो. व्हर्नानं मिस ऑर्टनना फोन केला, मिस ऑर्टननी मार्नीच्या घरी. शाळा सुटल्यावर मार्नी आईबरोबर शेतावर आली. आईच्या छातीशी बाळ बांधलेलं, त्याचं फक्त टोपडं दिसत होतं. मीही गेलो होतो. मर्लला पक्कड धरायला कुणीतरी हवं होतं, असं तो म्हणाला. खरं तर त्याला साक्षीदार हवा होता.

व्हर्नानं मार्नीला हिमाचं समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "वेलीला दुखेल?"

"मला माहीत नाही," व्हर्ना म्हणाली. "पण तिचं काम झालंय. भोपळा पुरता पिकलाय. नखानं दाबून बघ, साल दबत नाही."

मार्नीनं दाबून बघितलं. दबली नाही. तिनं आईला विचारलं, बाळाची नाळ पडली तेव्हा ते रडलं का. आई म्हणाली, नाही, झोपला होता तो. मग मार्नीनं दोन्ही हातांनी मोठी कात्री धरली, व्हर्नानं वरून तिचे हात धरले आणि देठ लांब ठेवून कापला. मर्लनं भोपळ्याच्या दोन्ही बाजूंनी तार कापली. भोपळा माझ्या हातात आला. पोटात तारेचा तुकडा तसाच रुतलेला. तीस पौंड तरी असेल.

"गाडीत ठेवू ना?" मी मार्नीला विचारलं.

"नको," ती म्हणाली. "माझ्याकडे एक आहे. ह्यांच्याकडे ह्यांचा स्वतःचा पिकलेला हा एकच आहे."

व्हर्ना काही बोलायला गेली, पण मर्लनं माझ्या हातातून भोपळा घेतला होता आणि तो घराकडे चालायलाही लागला होता, बायकोसाठी थांबायचं विसरून.

"मर्ल," तिनं मागून हाक मारली, "हिवाळाभर स्वयंपाकघरात तो मला बघायचाय. सुरी काढलीस तर बघ."

"नाव घेतलं का मी सुरीचं?" मर्ल वळून न बघता म्हणाला.