काशम्माचा मराठीचा पेपर

काशम्मा अक्कलकोटकडची. चौथीपर्यंत कानडी शाळेत शिकली आणि लग्न होऊन सोलापुरात आली. नवरा मल्लप्पा, भांड्यांचा दुकानदार. दोन्ही मुली नांदायला गेल्या, घर मोकळं झालं, आणि चाळिशी उलटलेल्या काशम्माच्या मनात लहानपणी अर्धवट राहिलेलं शिक्षण पुन्हा डोकं वर काढू लागलं.

त्र्याहत्तर साल होतं. सात रस्त्याजवळच्या बायकांच्या कॉलेजात मॅट्रिक न झालेल्यांसाठी प्रवेश परीक्षा असते, शाळेचा दाखलाही लागत नाही, असं तिच्या कानावर आलं. तिनं मल्लप्पाला विचारलं.

"एकदा बस," तो म्हणाला. "नापास झालीस तर मात्र विषय संपला."

एकटीनं जायचा धीर होईना. समोरच्या खोलीत मथुरा ब्लाउज शिवायची. केम गावची पोर, नवऱ्यानं टाकलेली, सातवी शिकलेली. काशम्मानं तिला गळ घातली.

"मला काय करायचंय शिकून, अक्का?" मथुरा म्हणाली. "पर तुमास्नी सोबत हवी तर येते की."

वर्षभर दुपारी दोघी अभ्यासाला बसल्या. इतिहास काशम्मा सांगायची, मथुरा शिवता शिवता ऐकायची. काशम्माची अडचण एकच, मराठी. बाजारात, शेजारी ती सहज बोलायची, पण घरात बोलणं कानडी. लिहायला बसली की भिंत 'तो' होई, दरवाजा 'ती'. मथुरा हसत हसत दुरुस्त करायची, आणि काशम्माही हसायची.

परीक्षेत निबंध आला. काशम्मा एकेक शब्द तपासत राहिली. पान अर्धंच भरलं होतं, तेवढ्यात घंटा झाली.

निकाल सांगायला कॉलेजातल्या बाईंनी दोघींना आत बोलावलं. मथुरा पास होती. काशम्मा मराठीत गेली होती.

"तेवढाच विषय पुढच्या वर्षी द्या," बाई म्हणाल्या. "बाकीचं छान आहे तुमचं."

बाहेर आल्यावर मथुरा फाटकापाशीच थांबली. "मी न्हाय जात. तुमच्याबिगर मी काय करू तितं?"

"जायचं," काशम्मा म्हणाली. "तू नाही गेलीस तर वर्षभर आपण केलं काय?"

घरी तिनं सांगितलं तेव्हा मल्लप्पा जेवत होता. "जाऊ दे. डोक्याचा ताप गेला," तो म्हणाला. समजूत घालायलाच म्हणाला होता. ती वाढत राहिली.

मथुरा कॉलेजात जाऊ लागली. सुरुवातीला रोज संध्याकाळी येऊन वर्गात काय शिकवलं ते सांगायची. काशम्मा मन लावून ऐकायची. पण मथुरा उठून गेली की तिला स्वयंपाक सुचत नसे. एकदा ती म्हणाली, "या वेळेला येत जाऊ नकोस गं. कामं असतात." मथुरेला कळलं. ती येईनाशी झाली. पुढं समोरासमोर राहूनही दोघींत नुसतं 'बरं आहे ना?' एवढंच उरलं.

बी.ए. होऊन मथुरेला बार्शीला शाळेत नोकरी लागली. खोली सोडताना ती पाया पडायला आली. काशम्मानं तिची ओटी भरली. मथुरा रडली, काशम्मा नाही रडली.

टांगा गेल्यावर ती आत आली. मल्लप्पा जेवायची वाट पाहत बसला होता.

"त्या वेळी मी परत परीक्षेला बसते म्हटलं असतं तर?" तिनं कानडीत विचारलं.

मल्लप्पानं तिच्याकडे पाहिलं.

"बस म्हटलं असतं," तो म्हणाला. "मी वाट बघत होतो. तू विचारलंच नाहीस."

काशम्मानं पाट मांडला, त्याचं ताट वाढलं. मग चुलीपाशी जाऊन त्याच्याकडे पाठ करून ती बसली, आणि मल्लप्पानं तिला हाक मारली नाही.