दिसल्या म्हणालास ना?

कोक-बोरू खेळाच्या मैदानात एरमेकला भीती ठाऊक नव्हती. बोकडाच्या धडासाठी घोडेस्वारांची झोंबाझोंबी पेटली की हा पठ्ठ्या बेधडक आत घुसायचा. तिथंच सात वर्षांपूर्वी त्याचा डावा डोळा गेला, तरी अक्कल आली नाही. या वसंतात घोड्याचा खूर उजव्या भुवईवर बसला आणि त्याही डोळ्यात अंधार झाला. डोळा वरून शाबूत होता, मागची नस दुखावली होती.

बिश्केकच्या इस्पितळात मात्र या शूरवीराची पाचावर धारण बसली.

डॉक्टरीणबाई रायखान असानोव्नांनी त्याच्या कपाळाला ओल्या पट्ट्या लावल्या, तारा जोडल्या. "वीज हळूहळू वाढवते. डोळ्यात ठिणग्या चमकल्या की सांग. चमकल्या म्हणजे नस अजून जिवंत आहे. भुवईला मुंग्या येतील, त्यांचं कौतुक मला नको."

"आणि नाहीच चमकल्या तर?"

"आधी बघू तर दे."

मुंग्या आल्या. ठिणग्यांचा पत्ता नव्हता. शेजारी बायको, जिपारा, श्वास रोखून बसली होती. एरमेकला वाटलं, आता बाई उसासा टाकतील आणि सगळं कायमचं संपेल.

"दिसल्या!" तो म्हणाला.

जिपारा रडतच बाहेर पळाली. सासूला केलेल्या फोनवरचा तिचा आवाज सगळ्या मजल्यानं ऐकला, "अपा, सुयुनचू! सुयुनचू!" 'सुयुनचू' म्हणत आनंदाची बातमी देणाऱ्याला बक्षीस द्यावंच लागतं आणि दिलेलं कुणी परत घेत नाही. एरमेकच्या आईनं आपली गाभण घोडी सुनेला देऊन टाकली.

"अहो, घोडी मिळाली मला!" जिपारा हसत होती. एरमेकही हसला. काय करणार बिचारा!

दुसऱ्या दिवशी नस जागवायला तेवढीच वीज लावली, तिसऱ्या दिवशीही. बाई खूश होत्या. "इतक्या कमी विजेवर ठिणग्या! नशीब काढलंस. आता शेवटपर्यंत हेच प्रमाण."

"आणि हे कमी पडलं तर?"

"तर नुसत्या मुंग्या, आणि नस जाईल सुकत. पण तुला दिसतात ना?"

एरमेकच्या तोंडचं पाणी पळालं. आशा वाचवायला तो खोटं बोलला होता आणि डोळा मात्र स्वतःच्या हातानं मारत होता. खरं सांगावं तर आशा जाणार, न सांगावं तर डोळा. जिपारानं आणलेले, मटण भरून उकडलेले मांटी त्यानं तसेच बाजूला सारले.

चौथ्या दिवशी पट्ट्या लावताना त्यानं बाईंचा हात धरला. "बाई, मला काहीच दिसलं नव्हतं."

"अहो, काय बोलताय?" जिपारा ओरडली. "अपांनी घोडी दिलीय! सगळं गाव तळलेले बोर्सोक खाऊन गेलं!"

"माझी छातीच झाली नाही गं."

"आणि म्हणे घोडेस्वार!" बाई कडाडल्या. "तुम्ही शूर लोक म्हणजे माझ्या डोक्याला ताप. हाड मोडलं तरी दुखत नाही म्हणायचं, आंधळे झालात तरी दिसतं म्हणायचं! आता खरं तेवढंच बोल."

वीज वाढू लागली. यंत्रावरची आधीची खूण मागे पडली.

"काही?"

"नाही."

भुवई उडू लागली.

"काही?"

"नाही."

जिपारानं त्याचा हात धरला, तिचा हात त्याच्यापेक्षा गार होता. त्याचे दात शिवशिवले, मग अर्धा चेहरा बधिर झाला.

"याच्यापुढे मला जाता येत नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला होता. "काही?"

अंधाराच्या कडेला काहीतरी लुकलुकत होतं. की त्याचं मनच लुकलुकत होतं? एकदा खोटं बोलून बसल्यावर आता स्वतःवर तरी भरवसा कसा ठेवायचा?

"माहीत नाही," तो कसाबसा म्हणाला.

क्षणभरानं तो किंचाळला, "गेलं! आत्ता होतं, गेलं! बाई, गेलं हो!"

"ओरडू नकोस," रायखान असानोव्ना म्हणाल्या, आणि त्यांचाच आवाज कापत होता. "तुला न सांगता मी वीज बंद केलीय."