अंधारविहिरीतली माफी

“उतरतेस की नाही? सहाच जणी जमल्यात. सातवी नसेल तर टीम मोडली समज!” गाडीच्या काचेवर टिचकी मारत बेव्ह म्हणाली.

“एवढं पान संपू दे गं.”

टीगन दिवसभर गव्हाच्या कोठारावर ट्रक तोलून आली होती. मागच्या सीटवर बाळ नुकतंच झोपलं होतं. मांडीवर तीच कादंबरी, शाळेपासून कितव्यांदा कोण जाणे. हाडं वेचणारी इर्सा आणि राजाचा जल्लाद व्होर्न. अर्धं पुस्तक एकमेकांच्या जिवावर उठलेले, मग एकाच अंधारविहिरीत अडकलेले.

समोर कोर्टवर शोना चेंडू आपटत होती. टीगनच्या आणि शोनाच्या, दोन्ही गावांत माणसंच उरली नाहीत, म्हणून यंदा त्यांचे नेटबॉलचे क्लब एक झाले. पण मागच्या फायनलला याच शोनाच्या कोपरानं टीगनचा दात पडला होता, आणि वर साधं सॉरीही नाही. ‘ती माफी मागेपर्यंत मी तिच्यासोबत खेळणार नाही,’ असं टीगननं घरीदारी सांगून ठेवलं होतं.

व्होर्न विहिरीत गुडघे टेकून माफी मागतो, ते पान तिला हवं होतं. तिनं पुढचं पान उलटलं, मग मागचं. माफी नव्हतीच. व्होर्न नुसता इर्साकडे पाठ आणि अंधारातल्या शत्रूंकडे तोंड करून उभा राहतो आणि विचारतो, “तू कुठली बाजू सांभाळतेस?” जी आपला गळा चिरायला निघाली होती, तिच्याकडे पाठ! माफी टीगननंच पंधराव्या वर्षी आपल्या मनानं घातली होती.

तिनं पुस्तक मिटलं. मग काच अर्धी उघडी ठेवून उतरली.

“आल्या राणीसरकार!” शोना ओरडली. “नवा दात छान बसलाय गं.”

“तुझीच कृपा, बये.” टीगन रिंगखाली जाऊन उभी राहिली. “डावी बाजू कोण घेतंय?”

शोनाचं हसू ओसरलं. ती जवळ आली. “तूच घे. माझा डावा गुडघा कामातून गेलाय. कुणाला बोलू नकोस.”

“नाही बोलत.”

खेळ रंगात आला आणि गाडीतून रडं ऐकू आलं. टीगन वळली, तर खिडकीशी शोनाची आई वाकलेली. वर्षानुवर्षं कोर्टच्या कडेला उभी राहून टीगनला शिव्या घालणारी ही बाई आता लोकरीची टोपी नाकापर्यंत ओढून बाळाला हसवत होती.

“माझ्याकडे काय बघतेस?” म्हातारी खेकसली. “चेंडूकडे बघ, पोरी!”