लांबचं घर

टेम्पोत कपाट चढवताना त्याचा आरसा फुटला आणि मिस्त्रीने बायकोच्या कानाखाली एक ठेवून दिली. आरशाला धक्का हमालाचा लागला होता. पण हमालाला मारलं तर तो उलटून मारतो. बायको घरचीच. मिस्त्रीणीच्या कानात शिटी वाजायला लागली, तेवढ्यात वरच्या गॅलरीतून आयाबाईंचा आवाज आला, "मिस्त्री, बघतेय हं मी." मिस्त्रीने हात खिशात घातला आणि हमालावर उगाच खेकसला.

आयाबाई शेजारच्या खोलीत राहायच्या, हॉस्पिटलात आया होत्या. दोन्ही खोल्यांत मिळून भिंत एकच. मिस्त्रीणीच्या लग्नापासून ही बाई त्या भिंतीवर लाटणं आपटत आली होती. लाटणं वाजलं की मिस्त्रीचा हात जिथे असेल तिथे थांबायचा. तो कोणाच्या बापाला भीत नसे, पण त्या भिंतीला भ्यायचा. मिस्त्रीणही त्यामुळे एक कला शिकली होती. पहिला फटका बसला की तोंड भिंतीकडे करायचं आणि पोटापासून ओरडायचं.

शहर सोडायचं कारण मिस्त्री सगळ्यांना मोकळी हवा सांगायचा. खरं कारण कारखान्यातल्या फोरमनच्या डोक्याला पडलेल्या टाक्यांत होतं. पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींची तार नव्याने भरण्यात मिस्त्रीचा हात धरणारा कोणी नव्हता, पण त्याच हाताने त्याने फोरमनवर पाना उचलला आणि नोकरीवर पाणी सोडलं. आता छोट्या गावात स्वतःचं दुकान टाकायचं ठरलं. मिस्त्रीणीला मनातून बरंच वाटलं होतं. तिला वाटायचं, दोष शहराचा आहे, उकाड्याचा, गर्दीचा, दिवसभर डोक्यात घरघरणाऱ्या यंत्रांचा. शांत जागी माणूसही शांत होईल. भोळी होती, दुसरं काय.

दुकान गावाच्या भर चौकात मिळालं. त्याच्या मागच्या गल्लीत दोन खोल्याही रिकाम्या होत्या, पण मिस्त्रीने घर घेतलं ते गावाबाहेर, विजेच्या शेवटच्या खांबाच्याही पुढे. चारही बाजूंना माळ. मिस्त्रीणीने विचारलं, एवढ्या लांब कशाला? तो म्हणाला, शेजार नको, शेजाऱ्यांनीच आपलं वाटोळं केलं.

नवराबायको, पोरगी आणि मिस्त्रीची म्हातारी आई उतरली, सामान उतरलं, टेम्पो गेला, आणि अजून ऊन होतं तेव्हाच त्याने रबरी पाइप उचलला. फुटलेल्या आरशाचा हिशेब बाकी होता म्हणे. पहिला फटका पाठीवर बसला. सवयीने ती भिंतीकडे वळली आणि ओरडली. मिस्त्री थांबला. त्याने कान देऊन ऐकलं. बाहेर वारा होता, बाकी काही नाही. मग तो हसला आणि अगदी सावकाश म्हणाला, "ओरड. हवं तेवढं ओरड."

इतकी वर्षं त्याचा मार कुणीतरी मध्येच थांबवत आलं होतं. कोणी थांबवलाच नाही तर हा माणूस कुठवर जातो, हे तिला त्या दिवशी कळलं. हात दुखेपर्यंत मारून झाल्यावर त्याने पाइप बदलून दुसऱ्या हातात घेतला. स्वयंपाकघरात सासूबाई डबे लावत होत्या, लावलेलेच डबे काढून पुन्हा लावत होत्या. नंतर त्यांनी कढत पाण्यात फडकं बुडवून सुनेची पाठ शेकली आणि सांगितलं, घरातलं घरात ठेवावं, माझंही आयुष्य असंच गेलं.

मग तसंच सुरू झालं. उजव्या हाताचं एक बोट मोडलं ते वाकडंच जुळलं. शहरात ती शाळेचे गणवेश शिवायची, आता तिला सुईसुद्धा धरवेना. पोरगी नऊ वर्षांची, आवाज चढला की माळावर पळायची आणि सगळं थांबल्यावर पावलं न वाजवता परत यायची.

आणि गावात हाच मिस्त्री म्हणजे साखरेचा रवा. म्हाताऱ्या बायांना मावशी म्हणायचा, लोकांची पोरं कडेवर घ्यायचा. शहरात मोटार कोणी भरली हे कोण विचारतो? इथे ज्याच्यात्याच्या तोंडी, चौकातल्या मिस्त्रीकडे टाका, माणूस देवासारखा आहे. मिस्त्रीण त्याला जेवणाचा डबा द्यायला जायची. एकदा शेजारच्या वाण्याने तिच्या सुजलेल्या गालाकडे पाहून, वहिनी, पडलात का, असं विचारलं. त्या दिवसापासून डबा नेणं बंद झालं. घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम सुटला. त्याला इतकं घाबरलेलं तिने पहिल्यांदाच पाहिलं. ही गोष्ट तिने मनात धरून ठेवली.

एका सकाळी मिस्त्रीने नवीन भरलेली मोटार वार्निश लावून अंगणात उन्हाला ठेवली होती. शाळेला निघालेल्या पोरीचा पाय लागला आणि मोटार मातीत लोळली. त्याने पोरीला दंडाला धरून उचललं आणि दाराच्या चौकटीवर आपटलं. आजवर त्याने तिला बोट लावलं नव्हतं. पोरीच्या तोंडातून रक्त आलं आणि रक्तातून एक दात. तो पाना उचलून पुन्हा वाकला तशी मिस्त्रीण मध्ये पडली, आणि पाना तिच्या भुवईवर बसला. डोळ्यात रक्त उतरलं. मिस्त्रीने पाना फडक्याला पुसला, शर्ट बदलला, भांग पाडला आणि दुकानात गेला.

मिस्त्रीणीने पोरीचा हात धरला आणि चपला घातल्या. सासूबाई दारात आडव्या आल्या. "तोंड तरी धू बाई. लोक काय म्हणतील?"

"तेच ऐकायला चाललेय."

चौकात सकाळची वेळ, दुकानासमोर गिऱ्हाइकांसाठी टाकलेल्या बाकावर चारपाच माणसं चहा पीत बसली होती. रक्ताने अर्धं माखलेलं तोंड घेऊन ती तिथे पोचली तसे दोघे उठून उभे राहिले. ती बाकावर बसली. पोरीला शेजारी बसवलं. मिस्त्री धावत बाहेर आला, चेहऱ्यावर हसू आणून सगळ्यांना सांगू लागला की ही पडली, हिला चक्कर येते. आणि ओठ न हलवता तिला म्हणाला, घरी चल.

तिने वाण्याकडे पाहिलं, मग बाकीच्यांकडे. "पडले नाही. ह्यांनी मारलं. पोरीलाही मारलं. घर लांब आहे, तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून इथं आले."

मिस्त्रीने तिला मारलं. सगळ्यांच्या देखत, मुठीने, जबड्यावर. ती बाकावरून खाली पडली, उठली, पुन्हा बाकावर बसली. त्याने लाथ घातली. ती कमरेत वाकली, रस्त्यावर पालथी झाली, पण बाकाला धरून उठली आणि होती तिथेच बसली. एकही माणूस पुढे झाला नाही. वाणी तराजू धरून उभा होता तो उभाच. तिसऱ्यांदा मिस्त्रीने हात उचलला आणि मग त्याला दिसलं की सगळा चौक बघतोय. एक म्हातारा त्याच्या दुकानात शिरला, आपली अर्धवट उघडलेली मोटार तारांसकट पोटाशी धरली आणि निघून गेला. मिस्त्रीने, अहो काका, झालीच आहे, म्हणून हाक मारली. काकांनी वळून पाहिलं नाही.

ही मोटार गेली म्हणजे आपलेच चार घास गेले, हे मिस्त्रीणीला कळत होतं. आणखीही जातील हेही कळत होतं. ती उठली नाही.

तेवढ्यात रस्त्याने सासूबाई येताना दिसल्या. उन्हातून चालून त्यांना धाप लागली होती, पायात चपलाही नव्हत्या. मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला. तो म्हणाला, आई, हिला समजाव, घरी घेऊन जा. म्हातारीने लेकाकडे पाहिलं. नातीची हनुवटी धरून तोंड वर केलं आणि दाताची जागा बघितली. मग सुनेला म्हणाली, "सरक जरा," आणि बाकावर बसली.

"आई, घरी जा म्हणतो ना."

"तू तुझं काम कर," म्हातारी म्हणाली. "आम्ही इथं बसलोय."

मिस्त्री दुकानात गेला. एक मोटार पुढे ओढून तिच्यात तार भरू लागला. तार खाचेत बसत नव्हती, पुन्हा पुन्हा निसटत होती. बाहेर बाकावर तिघी जणी त्याच्याकडे बघत बसल्या होत्या.