शोमरोनचा घडा

डोंगरकड्याजवळच्या तांड्यावर मंडप उभारला होता आणि आसपासच्या गावांची माणसं त्यात दाटली होती. सगळ्यांच्या नजरा शिलाच्या हातातल्या घड्यावर होत्या.

"हा घडा तीन हजार वर्षांपूर्वीचा," रत्नाकरजी माइकवर गरजत होते. "इस्राएल देशातल्या जुन्या शोमरोन शहराच्या ढिगाऱ्यातून या हातांनी काढला. बायबल सांगतं, अलीशा संदेष्ट्यानं एका विधवेचं तेल वाढवलं. जग पुरावा मागत होतं. पुरावा जमिनीनं दिला!"

ते स्वतःला उत्खननतज्ज्ञ म्हणवत; लोक त्यांना खोदकामबाबा म्हणत. त्यांचे मऊ तळहात पाहता कुदळीशी त्यांची ओळख असेल असं वाटत नव्हतं. ग्रंथ परका, देश परका. पण शिला घडा ओतून रिकामा करायची, बाबा "वाढव" म्हणायचे आणि तेल पुन्हा वर यायचं. मग श्रद्धेला पारावार उरत नसे.

गोष्टीत विधवा होती म्हणून बाबांना विधवा हवी होती. शिलाचा नवरा वारला होता आणि तिच्या पोराला, दिपकला, फिट यायची, म्हणून तांड्याचा नायक देवला यानं तिलाच पुढं केलं. घड्याच्या मानेखाली बारीक भोक होतं. ओतताना त्यावर अंगठा दाबायचा, "वाढव" ऐकलं की उचलायचा; संदेष्ट्याची खूण आहे म्हणे ती.

शिला शाळेत गेली नव्हती, पण खुळी नव्हती. जन्मभर डोईवर पाणी वाहिलेल्या बाईला रिकामं भांडं हातातच कळतं. हा घडा ओतल्यावरही जड राहायचा. तिनं देवलाला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "तांड्याची इज्जत हाय ही. तोंड उघडलंस तर लेकरासंगट तांड्याबाहेर."

खरा फास पुढेच होता. घड्यातलं तेल आजारी माणसांना औषध म्हणून पाजलं जायचं. हे तेल आणि गोळी एका पोटात चालत नाही, असं बाबांनी बजावल्यापासून सासूनं, नानीबाईनं, दिपकच्या गोळ्या काढून घेतल्या होत्या. पोराला आता रोज फिट येत होती. आपल्याच अंगठ्यानं आपलं लेकरू मरणाच्या दारात चाललंय, हे शिलाला दिसत होतं. जायचं तरी कुठं, हे तिला कळत नव्हतं.

त्या दिवशी इतिहासाचे निवृत्त शिक्षक किशनराव उभे राहिले. शोमरोनला खरंच खोदकाम झालंय, ते म्हणाले, आणि तिथं शाईनं लिहिलेली फुटकी खापरं निघाली: कोणत्या गावाहून कुणाचं तेल आलं त्याच्या नोंदी. म्हणजे तेल तिथंही रानातूनच यायचं. बायबलातल्या काही राजांची नावं दगडांवर सापडली. बायबलात कोसळल्याचं सांगितलेल्या यरीहो शहराच्या भिंतींचा काळ मात्र जुळेना, तर खोदणाऱ्यांनी तेही छापून टाकलं.

"खरा खोदणारा 'न्हाई सापडलं' हेबी सांगतो," मास्तर म्हणाले. "तुमच्या तेलाला आपल्या इकडच्या करडीचा वास काहून येऊन राहिला?"

"मास्तरांना पेन्शन सापडली, श्रद्धा काही सापडली नाही," बाबा म्हणाले. मंडप हसला आणि मास्तर खाली बसले.

तेवढ्यात नानीबाईच्या मांडीवर दिपकचं अंग ताठ झालं, हातपाय झटके देऊ लागले. बाबांनी हात उंचावले. "पाहा, रोग बाहेर पडतो आहे."

शिलानं नुकताच घडा ओतला होता. अंगठा न उचलता ती पुढं आली आणि तिनं घडा बायांच्या रांगेत पुढं बसलेल्या केशरबाईच्या हातावर टेकवला.

"मावशी, ह्यो रिकामा हाय. तोलून सांग."

"रिकामा कसा गं?" केशरबाई चपापली. "अर्धा भरलाय की."

शेजारणींनीही हात लावून पाहिला. बायांच्या रांगेत कुजबुज सुरू झाली.

"आत दुसरं भांडं हाय, दोन्हीच्या मधी तेल," शिला म्हणाली. "अंगठा उचलला की भोकातून हवा शिरते न् तेल बुडातून आत येतं. मीच उचलून राहिले होते रोज."

तिनं घडा दगडावर आपटला. मातीच्या आतून बुडाला भोक पाडलेला पत्र्याचा डबा निघाला आणि करडीचं तेल सतरंजीवर पसरलं. देवला धावून आला, पण बाया मध्ये उभ्या राहिल्या. बाबा मागच्या कनातीतून सटकताना पकडले गेले.

कुणीतरी दिपकच्या नाकाला चप्पल लावू पाहत होतं. किशनरावांनी ती बाजूला सारली आणि पोराला कुशीवर वळवलं. फिट थांबली तेव्हा शिलानं सासूपुढं हात पसरला. "आत्याबाई, गोळ्या द्या."

नानीबाईनं पदराची गाठ सोडली. गोळ्या तिथंच होत्या. "टाकायला मन झालं न्हाई गं," ती रडत म्हणाली.

किशनराव मंडपाकडे वळले. "ग्रंथ कुणाचाबी असो, मन भरून वाचा. पण औषध बंद करा म्हणणारा बाबा असो, तज्ज्ञ असो का आपलाच नायक, त्याला विचारा, लेकराला काही झालं तर जबाबदार कोण? न् त्याच्या उत्तरासाठी थांबू नका. लेकरू उचला, दवाखान्यात चला."