शकूची गाठ

आमचं पिंपळधरी गाव तामसीच्या पुढे धरणाच्या पाण्याखाली आहे. सत्तेचाळीस वर्षं झाली. माझी नात तेजस्विनी आणि तिचा नवरा हर्षदीप अंदमानात पाण्याखाली उतरायला शिकले आणि यंदा हवेच्या टाक्या घेऊन हैदराबादहून आले, आजीचं गाव बघायला. मी त्यांच्याबरोबर काठावर जाऊन बसले.

त्यांच्याकडे घड्याळाएवढं एक यंत्र होतं, डाइव्ह कॉम्प्युटर. किती खोल गेलात, किती वेळ राहिलात, वर कधी यायचं, हे ते सांगतं. ज्याचं त्यानं बांधायचं असतं. पण तेजूचं आदल्या दिवशीच बंद पडलं होतं.

"दोघांत एक पुरे," हर्षदीप म्हणाला. "आपलं अर्धं अर्धं ठरलंच आहे ना?"

"ते भांड्यांचं ठरलं होतं. अजून माझीच पाळी सुरू आहे," तेजू म्हणाली.

उरलेल्या यंत्राचं बक्कलही तुटकं होतं. मी पिशवीतली सुती नाडी काढून दिली. हर्षदीपनं यंत्र तेजूच्या मनगटावर ठेवलं आणि बुटाच्या लेससारखी गाठ मारली.

"विहिरीकडे जाऊ नका बाप्पा," मी म्हटलं.

"आजी, तीच तर बघायची आहे."

अर्ध्या तासानं दोघं वर आले. पाणी गढूळ होतं, पण विहीर सापडली होती. अकरा मीटरवर तिचं तोंड. दोघं काठालाच थांबले, आत गेले नाहीत. दुपारी आत उतरायचं ठरवून तेजूनं यंत्र पाहिलं. यंत्रानं स्वतःला कुलूप घातलं होतं. फार वेगानं वर आलात, उद्यापर्यंत पाण्यात उतरू नका, म्हणत होतं. सकाळची सर्वांत जास्त खोली, चोवीस मीटर.

"बिघडलं," हर्षदीप म्हणाला.

"तू आत गेला होतास का?"

"मी कशाला जाईन?"

"मग माझ्याकडून मागून का घेतलंस? विहिरीपाशी हात पुढे केलास. मी नाडी सोडून दिली. थोड्या वेळानं परत माझ्या मनगटावर बांधलंस."

"तेजू, मी घेतलंच नाही. मला वाटलं, ते तुझ्याकडेच आहे."

मी तिचा हात ओढून बघितला. नाडी मनगटाला दोन वेढे घालून, शेपूट आत खोचून बांधलेली होती. ती गाठ मी ओळखली.

आमची विहीर आठ पुरुष खोल आणि अरुंद. दर उन्हाळ्यात गाळ काढायला हलक्या अंगाच्या सुना उतरायच्या. एक वर आली की तिनं आपल्या मनगटावरचा दोर सोडून दुसरीच्या मनगटावर बांधायचा, याच गाठीनं. जिच्या हाताला गाठ, तिची खेप. आणि जी वर थांबेल तिनं हाका मारत राहायचं, शेवटी हात द्यायचा.

त्या वर्षी माझी धाकटी जाऊ शकू वर आली आणि तिनं माझ्या हाताला गाठ मारली. मला भीती वाटली. पोटात दुखतंय म्हणाले आणि दोर सोडला.

"काऊन भेता बाई?" ती हसली. "मीच जातो पुना."

मी हाका मारायलाही थांबले नाही, पळसाखाली जाऊन बसले. आतली बांधणी ढासळली, शकू खालीच राहिली. दगड उपसून व्हायच्या आत गाव उठवलं आणि धरणाचं पाणी आलं. विहिरीचं आणि शकूचं मी दोघांना सांगितलं; खेप माझी होती, हे मात्र आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आठ पुरुष म्हणजे किती?" हर्षदीपनं हळूच विचारलं.

"माणूस हात खाली सोडून उभा राह्यला, तर जेवढा उंच तेवढा एक."

त्यानं मनातल्या मनात गणित केलं. "तेरा मीटर. वरचे अकरा. चोवीस."

तेजू म्हणाली, "दुपारी यंत्राशिवाय जाऊ. थोडंच तर उतरायचं आहे." ती पाण्याकडे बघत बोलत होती. हर्षदीपनं तिचं नाव घेतलं तरी तिनं मान वळवली नाही. दोन पावलं ती पाण्यात गेलीसुद्धा.

"इकडे ये. हात दे," मी म्हटलं.

शकूची गाठ मी सोडली. यंत्रासकट नाडी माझ्या मनगटाला दोन वेढे घालून, शेपूट आत खोचून, एका हातानं आणि दातांनी बांधली. अजून जमते.

"हर्षदीप, हिला वर गाडीत बसव. दार लाव."

ते गेल्यावर मी पाण्याच्या कडेला बसले आणि हाक मारली. "शके, ये वर. मी आहे इथं."

यंत्र कोरडं होतं. तरी त्यावर खोलीचा आकडा दिसू लागला, चोवीस. मी पुन्हा हाक मारली. तेवीस. मग मी थांबलेच नाही, घसा बसेपर्यंत मारत राहिले. अकराला आकडा बराच वेळ अडकला. तेव्हा मी सगळं खरं सांगितलं, पोटात काही दुखत नव्हतं तेही. दहा झाला.

आकडा तीनवर आला तेव्हा समोरच्या पाण्यावर बुडबुडे उठायला लागले.

मी हात पुढे केला.